नाचायची चटई आणि आमचे सर

शनिवार, १३ ऑक्टोबर २००७. ठिकाण : न्हावऱ्याच्या अलीकडचा एक वजनकाटा. हजर : काट्याचे मालक आप्पा, माझा धाकटा भाऊ मिलिंद, आमचे सर, मी, आणि काट्यावर चढवून ठेवलेला कांद्याचा ट्रक, त्याच्या ड्रायव्हरसह. गैरहजर : लाइट.

लाइट आली तेव्हा आमचा दुसरा चहा चालू होता आणि ट्रकवाला खिडकीत डोकं घालून पुन्हा विचारत होता, "आप्पा, तौल होगा, या कांदा इधरच उगाने का है?"

"थांब रे बाबा," आप्पा म्हणाले. "आज परीक्षा हाय."

परीक्षा मिलिंदची होती. त्याच्या आदल्या वर्षी कुरकुंभच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या गरम मशिनमध्ये त्याचे दोन्ही हात सापडले होते. हात वाचले. बोटं जागेवर होती, पण आखडून तळव्याला चिकटल्यासारखी झाली होती. धड राहिले ते दोन अंगठे. आमच्या घरात आजोबांनंतर कुणी कागदावर अंगठा उठवला नव्हता आणि वडिलांना त्याचा फार अभिमान होता. दवाखान्याच्या कागदावर मिलिंदनं अंगठा दिला तेव्हा वडील उठून बाहेर व्हरांड्यात गेले. घरी आल्यावर मिलिंद जो बसला, तो बसूनच राहिला. त्यानं काही काम करावं, निदान काही करता येतंय असं त्याला वाटावं, एवढंच आमच्या घरात तेव्हा चाललं होतं. दुसरा विषय नव्हता.

त्या शनिवारी काय झालं ते सांगते, पण आधी सर.

सरांचा शिरूरला पिठाच्या गिरणीच्या वर कॉम्प्युटरचा क्लास होता. राहायला ते दौंडला. रोज एसटीनं यायचे, रोज एसटीनं जायचे. उंच, वाळके, बाह्या मनगटापर्यंत बंद. इतर सर लोकांच्या खिशाला पेन असतं, ह्यांच्या खिशाला स्क्रू-ड्रायव्हर. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. क्लासच्या मागच्या खोलीत पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली पोती : की-बोर्ड, माऊस, टेलिफोन, खेळण्यातली विमानं, काय वाटेल ते. वस्तू हातात आली की सर ती खोलायचे. आतला माल एका कपाटात आणि रिकामी झालेली अंगं एका मोठ्या टोपलीत. त्या टोपलीतल्या मालाला ते "टरफलं" म्हणायचे.

वस्तूवर लिहिलेलं त्यांना वाचवत नसे. वाचलं तरी विश्वास नसे. "पाटी वाचू नका, खोलून बघा," हे वाक्य त्यांनी दिवसातून किती वेळा म्हणावं याला धरबंध नव्हता. त्याचं मूळ एका प्रवासात होतं. एकदा शिरूरच्या स्टँडवर ते दौंडची पाटी पाहून गाडीत बसले, झोप लागली, आणि जाग आली ती श्रीगोंद्यात. कंडक्टर म्हणाला, पाटी सकाळचीच राहिली होती, बदलायला विसरलो. तेव्हापासून गाडीवर दौंड लिहिलेलं असलं, ड्रायव्हर दौंड दौंड ओरडत असला, तरी सर आधी कंडक्टरला विचारायचे, "गाडी कुठं चाललीय?" स्टँडवरचे सगळे कंडक्टर त्यांना ओळखत. एक जण तर ते दिसले की लांबूनच म्हणायचा, "दौंडच हाय, सर. आईशपथ."

आता माझा स्वभाव असा की डबा दिसला की मी त्यावर चिठ्ठी लावते. क्लासच्या चहाच्या कपाटात मी साखर, पावडर, मीठ अशा चिठ्ठ्या लावल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या खरवडलेल्या. मी पुन्हा लावल्या, त्यांनी पुन्हा खरवडल्या. मग एका दुपारी मी चिडून त्यांच्या चहात मीठ टाकलं. त्यांनी एक घोट घेतला, थांबले, आणि समाधानानं म्हणाले, "बघा. चाखलं म्हणून कळलं." आणि खाली जाऊन गिरणीवाल्याकडून चांगला चहा पिऊन आले.

मी कामाला लागले तो दिवसही तसाच. शिरूरमध्ये तोवर जिथं जिथं नोकरी विचारायला गेले तिथं पहिला प्रश्न, गाव कोणतं. दुसरा, आडनाव काय. त्यानंतर समोरच्याचा आवाज थोडा बदलायचा. सरांनी एक पोतं पुढं ओढलं आणि म्हणाले, "ह्यात काय काय आहे ते लिहून द्या." मी वस्तू जमिनीवर मांडल्या, सारखं सारख्याशेजारी ठेवलं, आणि यादी केली. जे ओळखू आलं नाही त्यापुढं "माहीत नाही" असं लिहिलं. त्यांनी यादी पाहिली आणि नेमकं त्या ओळींवर बोट ठेवलं. "हे आवडलं. उद्या या." माझं आडनाव त्यांनी विचारलं ते पुढं बँकेचं खातं उघडायची वेळ आली तेव्हा, आणि त्यांना ते दोनदा विचारावं लागलं, कारण पहिल्यांदा सांगितलेलं ते विसरले होते. असा माणूस मला तोवर भेटला नव्हता.

मिलिंद एकदा मला डबा द्यायला आला. डब्याची पिशवी कोपरात अडकवलेली. लोक त्याच्या हातांकडे बघत नसत. बघितलं तर लगेच खिडकीकडे बघत. सरांनी पिशवी काढून घेतली, त्याचे दोन्ही हात आपल्या हातात धरले आणि पोतं उघडल्यासारखे निरखून पाहिले.

"बोटं किती हलतात?"

"न्हाई हलत."

"अंगठे?"

"ते हायेत चांगले."

"माझ्या तळव्यावर दाब. जोरात. अजून जोरात."

"दुखंल, सर."

"दुखू दे की."

मिलिंदनं दाबलं. सरांनी "आई गं" केलं आणि खूश झाले. दुसऱ्या दिवशी पोत्यातून एक गेमपॅड निघाला, पोरं टीव्हीसमोर धरून खेळतात तसला. "हिरो," सर म्हणाले, "जगात दोन अंगठ्यांनी चालवायची एवढी एकच वस्तू केलीय. बाकीची बोटं नुसती धरायला. माऊसच्या जागी हे चालवायचं."

पण मिलिंदला ते धरताच येईना. अंग सडपातळ होतं, तळव्यातून निसटायचं. सरांनी टरफलांची टोपली उपडी केली, दोन्ही बाजूंना जाड मुठी असलेलं एक अंग शोधलं, आतून कानशीनं घासलं, आणि पहिल्यातला माल केसासारख्या बारीक तारांनी जोडून त्यात बसवला. आता ते मिलिंदच्या हातात मांजरासारखं बसलं. सर, मी आणि गिरणीवाला, तिघंही बघत राहिलो.

कॉम्प्युटरला लावलं तेव्हा मात्र पडद्यावरचा बाण जागचा हलेना. उलट, दिशेचं बटण दाबलं की समोर उघडलेली एखादी खिडकी बंद व्हायची.

सरांच्या क्लासमधल्या कॉम्प्युटरवर कॉम्प्युटर चालवणारी, फुकट मिळणारी, उघडी प्रणाली होती. उघडी म्हणजे तिच्या पोटातला सगळा मजकूर कुणालाही वाचता येतो, सुधारून परत पाठवता येतो. ती सरांना का आवडायची हे सांगायला नको. त्या प्रणालीत बाहेरून जोडलेल्या प्रत्येक जातीच्या वस्तूशी बोलणी करणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. गेमपॅडच्या ड्रायव्हरमध्ये एक लांब तक्ता होता : जोडल्यावर आपला अमुक नंबर सांगणारी वस्तू म्हणजे अमुक नावाची, अमुक प्रकारची. सरांनी तो तक्ता उघडला, आमच्या वस्तूचा नंबर शोधला, आणि खुर्ची मागे ढकलून हसायला लागले.

"ताई, हा म्हणतोय ही नाचायची चटई आहे!"

तशी चटई असते हे मला तेव्हा कळलं. जमिनीवर अंथरायची, तिच्यावर बाण छापलेले, आणि गाण्यावर पाय टाकायचे. नाचताना डावा आणि उजवा पाय एकदम पडू शकतो, म्हणून चटईवरचे बाण दिशा धरत नाहीत, सुटी बटणं धरतात. गेमपॅडवर डावं-उजवं एकदम दाबायची सोयच नसते, तिथं ती दिशा असते. कुणीतरी, कुठंतरी, कधीतरी आमच्या वस्तूचा नंबर चटईच्या प्रकारात टाकून ठेवला होता. त्यामुळं मिलिंद अंगठ्यानं बाण हलवत होता आणि कॉम्प्युटरच्या मते तो नाचत होता.

सरांनी क्लासच्या कॉम्प्युटरवर ती ओळ सुधारली. बाण हलला. मिलिंदनं तो पडद्याच्या चारही कोपऱ्यांत नेऊन आणला. मग परत चारही कोपऱ्यांत नेला. मग मला म्हणाला, "ताई, जेवायचं राहिलंय ना तुझं? जेव की."

आता तो शनिवार. आप्पांच्या काट्यावरचा कॉम्प्युटर सरांनीच बसवलेला होता, त्यावरही त्यांनी दुरुस्ती करून ठेवली होती. ऊसवाहतूक सुरू व्हायची होती आणि आप्पांना खिडकीत माणूस हवा होता. मिलिंदनं गेमपॅड मांडीवर घेतला. बाण यादीवर नेऊन माल निवडला, गाडीचा नंबर अंगठ्यानं की-बोर्डवर उठवला, वजन आलं, पावती बाहेर पडली. आप्पा पावती घेऊन काट्यावरच्या आकड्याशी ताडून आले. ट्रकवाल्यानं पावती घेतली, मिलिंदच्या हातांकडे पाहिलं, "भारी है भाई," म्हणाला आणि गेला.

"जमतंय की," आप्पा म्हणाले. मग टोपी काढून डोकं खाजवलं. "पन सर, एक इचारतो. राग मानू नका. हे तुम्ही बसवलंय म्हनून चालतंय. उद्या हा डबा जळाला, दुसरा आनला, तर?"

"मी येऊन करीन."

"आन् तुम्ही नसला तर? तुमचं बी वय झालंय, माझं बी. हंगामात रांग न्हावऱ्यापतुर लागती. तवा मी कुनाला दौंडात हुडकत फिरू? आमचे ड्रायव्हर दारू पित्यात ते मी सांभाळतो. तुमचा ड्रायव्हर बसायच्या चटईत आन् खेळन्यात गफलत करतो, त्याचं मी काय करू?"

"नाचायच्या," सर म्हणाले.

"नाचायच्या तर नाचायच्या. होळीपतुर ठिवतो पोराला. तवर तुमच्याबिगर, कुठल्याबी नव्या डब्यावर हे चालून दाखवा. न्हाई तर मला दुसरा मानूस बघावा लागंल. तोंडावर सांगितलेलं बरं."

मला आप्पांचा राग आला होता. परतीच्या एसटीत, कंडक्टरला विचारून बसल्यावर, सर म्हणाले, "बरोबर बोलतोय तो. आपल्या खोलीत सुधारलं म्हणजे सुधारलं असं थोडंच आहे? जिथं चुकलंय तिथंच जाऊन सुधारलं पाहिजे." म्हणजे त्या ड्रायव्हरची देखभाल करणाऱ्या परदेशातल्या माणसाला पत्र लिहायचं. त्याला पटलं तर तो मूळ तक्ता बदलणार, आणि तिथून पुढं जगातल्या प्रत्येक नव्या कॉम्प्युटरवर ती दुरुस्ती आपोआप जाणार.

सरांनी लिहिलेल्या पत्रात श्रीगोंद्याच्या गाडीची हकिगतही होती. मी ती काढली. काय चुकलंय, कसं तपासलं, काय बदलायचं, एवढंच ठेवलं आणि इंग्रजी नीट केलं. प्रकार बदलायचा होता, तसंच नावही : "चटई"च्या जागी वस्तूचं खरं नाव. सरांनी ते वाचून दाखवलं, मी टाइप केलं. फोनच्या तारेवरून चालणारं आमचं इंटरनेट अडखळत पत्र घेऊन गेलं.

"ताई, तुमच्या याद्यांचा आज पहिल्यांदा उपयोग झाला," सर म्हणाले.

उत्तर आलं. माणूस सभ्य होता. त्यानं लिहिलं : ही चटई नाही हे पटलं. दुसऱ्या एका देशातल्या बाईंकडे ह्याच नंबरची वस्तू आहे, त्यांनीही तपासली, तुमचं बरोबर आहे. पण तुम्ही दिलेल्या नावाच्या कंपनीच्या सगळ्या वस्तूंचे नंबर वेगळेच असतात. त्या बाईंच्या वस्तूवर तर काहीच नाव नाही. तुम्ही नाव कुठून घेतलं?

"कुठून म्हणजे?" सर चिडले. "हे काय, ढळढळीत लिहिलंय." मिलिंद काट्यावरून सुटून तिथंच आला होता; त्यांनी त्याच्या हातातला गेमपॅड हातासकट वर धरला आणि वरची ठळक अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवली.

मिलिंद त्यांच्या तोंडाकडे बघत होता. "सर," तो हळूच म्हणाला, "ते टरफल हाय. तुम्हीच नाय का बसवलं? आतला माल येगळा हाय."

सरांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. आणि मग असे हसले की खाली गिरणी चालू असताना गिरणीवाला जिन्यात येऊन विचारू लागला, काय झालं.

"मी पाटी वाचली, ताई," ते डोळे पुसत म्हणाले. "अहो, मी पाटी वाचली!"

दुसरा कुणी असता तर ही गोष्ट तिथंच मिटवली असती. सरांनी त्या आठवड्यात प्रत्येक बॅचसमोर गेमपॅड धरून ती सांगितली. मिलिंदला शेजारी उभं करायचे आणि म्हणायचे, "मला ह्यानं पकडलं." वर्षभर घरात बसून राहिलेला माझा भाऊ त्या आठवड्यात रोज काट्यावरचं काम उरकून, इस्त्रीचा शर्ट घालून क्लासला आला.

मूळ अंग शोधायला टोपली उपडी केली, पण ती मधल्या काळात एकदा भंगारात रिकामी झाली होती. म्हणजे खरं नाव कुठं असलंच तर ते आतल्या सर्किटच्या हिरव्या पट्टीवर, आणि ते बघायचं तर गेमपॅड खोलायचा. सरांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. मिलिंदनं गेमपॅड दोन्ही कोपरांत धरून छातीशी घेतला.

"न्हाई, सर. आता न्हाई. त्या तारा लई बारीक हायेत. तुटल्या तर? होळी यायला लागलीय."

सरांना समोरची वस्तू न खोलता राहवत नाही, हे मी रोज बघत होते. पण त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर परत खिशाला लावला आणि मला उत्तर सांगितलं : प्रकाराची दुरुस्ती कृपया घ्या. नाव घेऊ नका. अंग दुसऱ्याचं आहे, ते मीच बसवलं आणि विसरलो, चूक माझी. आत पाहून खरं नाव कळवतो. तिकडून लगेच आलं : प्रकार बदलला. तोवर जुनंच नाव राहू देतो.

मग सरांनी पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा कापला, गेमपॅडच्या दोन फाकांच्या मधल्या फटीवर आडवा चिकटवला आणि त्यावर मार्करनं लिहिलं : "आत दुसरंच आहे. हंगामानंतर खोलून बघणे." वस्तूवर चिठ्ठी लावताना मी त्यांना पाहिलं ते तेवढं एकदाच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते मला पुरलं.

होळीच्या आत प्रणालीची नवी आवृत्ती आली. आप्पांनी मुद्दाम मुलीसाठी पुण्याहून आणलेला नवाकोरा कॉम्प्युटर पुढं ठेवला, खोक्यासकट. सर खोलीत आलेच नाहीत. बाहेर बाजेवर बसले, दोन्ही हात खिशात.

"मी हात लावणार नाही. मी मेलोय असं समजा."

"काय बी बोलता राव सणाच्या तोंडावर," म्हणत आप्पांनी स्वतः सीडी घातली. मी शेजारी उभी राहून पुढच्या पायऱ्या वाचून दाखवत होते. काट्याच्या प्रोग्रामसकट सगळं बसायला बराच वेळ लागला. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग, आत पंखा. शेवटी मिलिंदनं गेमपॅड जोडला. पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उघडली आणि आप्पांनी ती मुलीकडून वाचून घेतली.

"आरं, हे तर परत चटईच म्हनतंय!"

बाहेर बाज करकरली. सर उठले होते, पण उंबऱ्याच्या आत आले नाहीत.

मिलिंदनं अंगठा टेकवला. बाण हलला. त्यानं तो माल निवडायच्या यादीवर नेला, "ऊस" निवडला आणि खिडकीतून ओरडला, "घ्या म्होरं!"

आप्पांनी टोपी परत घातली. "नाव काय बी का असंना. आमच्या गावात एका पैलवानाचं नाव बारक्या हाय."

मिलिंद त्या खिडकीत राहिला. आता आप्पा थकलेत आणि काटा तोच बघतो. आज सगळं जगच मोबाइलवर दोन अंगठ्यांनी लिहितं, तेव्हा तो म्हणतो, "मी तुमच्या आधीपासून लिहितोय." पण काट्याच्या कॉम्प्युटरवर त्याला तोच जाड मुठींचा गेमपॅड लागतो. चार-पाच कॉम्प्युटर बदलले. प्रत्येकानं त्याला नाचायची चटई म्हटलं आणि प्रत्येकावर तो पहिल्या झटक्यात चालला.

सरांनी क्लास बंद केला आणि दौंडलाच राहिले. त्यांची नजर गेली तेव्हा मी भेटायला जायची. हातात दिलेली वस्तू ते चाचपून ओळखत आणि पूर्वीपेक्षा खूश दिसत. प्रत्येक वेळी विचारायचे, "खोललं का?" मी सांगायची, हंगाम संपला की. ते गेल्यावर त्यांच्या मुलीनं तो स्क्रू-ड्रायव्हर मला दिला.

मी दर वर्षाच्या सुरुवातीला कामांची यादी करते. झालेलं खोडते, राहिलेलं नव्या कागदावर आणते. एक ओळ त्या सालापासून प्रत्येक कागदावर येते : आत पाहून खरं नाव कळवणे. अवघड काहीच नाही. स्क्रू काढायचे, पट्टीवरचं वाचायचं, दोन ओळींचं पत्र लिहायचं. तारा तुटल्या तर जोडून देणारी आता शिरूरमध्ये दुकानं आहेत.

ह्या उन्हाळ्यात, शेवटची उसाची गाडी गेल्यावर, मी स्क्रू-ड्रायव्हर पर्समध्ये टाकून काट्यावर गेले. मिलिंदनं गेमपॅड टेबलावर ठेवला. सरांच्या चिकटपट्टीवर त्यानं केव्हातरी वरून पारदर्शक टेप लावली होती, अक्षर पुसू नये म्हणून. खाली मार्करची अक्षरं विटकरी झाली होती, पण वाचता येत होती.

"आधी ही फाडावी लागंल ना, ताई?" तो म्हणाला.

"हो. फटीवरच आहे."

मी नखानं टेपची कड चाचपली. मग बाहेर कांद्याचा एक ट्रक काट्यावर चढला, हॉर्न वाजला, आणि मिलिंदनं गेमपॅड उचलला. मी स्क्रू-ड्रायव्हर पर्समध्ये परत ठेवला.

आत पाहून खरं नाव कळवणे : बाकी.